त्या पेन्सिलीच्या रेघेसाठी, ताई

नवी मुंबई महापालिकेच्या नेरुळ विभाग कार्यालयात मालमत्ता कराच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

निवृत्तीनंतरच्या लहानशा वन बीएचकेचा हिशेब घेऊन ते काका-काकू तुमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात विकणाऱ्याचं जुनं बिल होतं. एजंटने त्यावरचा आकडा दाखवून "हाच वर्षाचा कर" असं छातीठोक सांगितलं होतं. दुसऱ्या एकाने रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या घराच्या किमतीवर टक्के काढून दिले. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसांना असे आकडे देताना या दोघांनी ते बिल एकदा नीट वाचायला हवं होतं, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही पेन्सिल उचललीत आणि बिलावरच्या "1 एप्रिल ते 30 सप्टेंबर" या ओळीखाली रेघ ओढलीत. बिल सहामाहीचं! चालू मागणीची, म्हणजे त्या सहामाहीच्या कराची, दुप्पट म्हणजे वर्षाचा कर. मग थकबाकी आणि शास्तीला (दंडाला) वेगळी चौकट केलीत, कारण एकूण रकमेत ती मिसळली की कर भलताच फुगलेला दिसतो. शास्ती महिन्याला 2 टक्के, आणि कराची बाकी हा मालमत्तेवरचा पहिला बोजा. विकणाऱ्याने भरली नाही तर घेणाऱ्याच्या गळ्यात. म्हणून व्यवहाराआधी बाकी नसल्याचा दाखला मागा, हे तुम्ही काकूंना दोनदा सांगितलंत.

बिलाच्या मागच्या बाजूला तुम्ही मांडलेलं गणित तर इतकं सरळ होतं की ते सगळ्यांना ठाऊक असावं. समजा, महापालिकेने ठरवलेलं महिन्याचं भाडेमूल्य 2,000 रुपये. वर्षाचे 24,000. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, उरले 21,600. हे करयोग्य मूल्य. सामान्य कर, पाणी लाभकर, मलनिःसारण, वृक्ष, शिक्षण उपकर अशा सगळ्यांच्या टक्क्यांची बेरीज 40 धरली, तर वर्षाला 8,640, महिन्याला 720. आकडे नमुन्याचे; खरं करयोग्य मूल्य त्याच इमारतीतल्या तेवढ्याच क्षेत्रफळाच्या फ्लॅटच्या बिलावरून घ्यायचं. मुंबईत भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर कर लागतो, तिथली 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची करमाफीही मुंबईपुरती, तेव्हा तिथल्या नातेवाइकांचं बिल इथे उपयोगाचं नाही. आणि पुढे घर भाड्याने दिलं तर हेच मूल्य वाढू शकतं.

खारघरचा फ्लॅटही त्यांच्या यादीत होता. ते तुमच्या कक्षेत येत नाही, "तिकडे विचारा" म्हणून मोकळं होता आलं असतं. तसं न करता तुम्ही सांगितलंत की पत्त्यात नवी मुंबई असली तरी तिथला कर पनवेल महापालिकेचा. ती 2016 साली झाली, बिलं उशिरा निघाली, ती मागच्या तारखेपासूनची. आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला त्याच काळाचं सेवाशुल्क भरलेल्यांचा त्यावर वाद झाला. तिथलं घर घेताना दोन्हीकडच्या पावत्या बघायच्या.

टेबलाच्या पलीकडून मान वर करून बोलणारा माणूस भेटला की म्हाताऱ्या माणसांचा अर्धा धसका तिथेच उतरतो. तुम्ही अक्षरही मोठं काढलंत, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. कुणीही सांगितलेलं नसताना.

शेवटी कोपऱ्यात लिहिलंत: "भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) बघा." कराची पावती असली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही, आणि अनधिकृत ठरलं तर कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद कायद्यात आहे. एजंट हा विषय काढतच नाहीत. तुम्ही काढलात, त्याबद्दल वेगळे आभार.

आपला,
घर घेणाऱ्या ज्येष्ठांचे कागद तपासून देणारा एक नेरुळकर