हिवतापाच्या सर्वेक्षणात सून कुठे असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून हा हिवताप प्रतिरोध महिना. नेहमीप्रमाणे आवाहनं छापून आली : आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा पाळा, ताप आला तर रक्त तपासून घ्या. सल्ला बरोबरच आहे, आरोग्य सेविकेच्या नोकरीत असताना मीही तोच देत होते. पण तो घरात नेमका कोणाच्या वाट्याला येतो, याचा विचार नियोजनात कुठे दिसत नाही.

कोरड्या दिवसाचंच बघा. आमच्या सांगली जिल्ह्यात जत, आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर पाणी भरायचं, राखायचं आणि बॅरल घासायचं, तिन्ही कामं बाईची. टँकरच्या मागे पळून भरलेलं बॅरल ओतून टाक म्हटल्यावर ती ऐकेल कशाला? साठवलेल्या स्वच्छ पाण्यात हिवतापाच्या डासाची अळी वाढते, हे खरं. पण तिथे घट्ट झाकण, तोंडाला बांधलेलं कापड, ॲबेट या अळीनाशकाचे थेंब, हौदात गप्पी मासे हेच उपाय चालतात. अळी सापडली की बोलणी ती खाते. झाकणाला पैसे द्यायचे ते मालक त्या वेळी पारावर बसलेले असतात.

तापाच्या सर्वेक्षणाचीही तीच गत. कर्मचारी सकाळी दहा-अकराला दारात येतो, तेव्हा सून भांगलणीला गेलेली असते. सासूबाई सांगतात, “न्हाई बा, कुणाला ताप न्हाई.” दाराशेजारी खडूने तारीख पडते आणि वस्ती झाली! दुखणं अंगावर काढायची आपल्याकडच्या बायकांना सवयच. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे थकवा आला, कणकण वाटली की “रक्त कमी आहे” म्हणून लोहाच्या गोळ्या हातावर पडतात. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचं कुणाला सुचत नाही.

सांगली-साताऱ्यात हिवताप आता तुरळक आहे, राज्यातला मोठा भार गडचिरोली आणि मुंबईवर. म्हणून इकडे काळजी नको असं काहींना वाटेल. मला उलट वाटतं. २०३० पर्यंत देशातून हिवताप घालवायचा तर उरलासुरला एकेक रुग्ण शोधावा लागणार, आणि तो नेमका आपण जिथे पोचत नाही तिथेच असणार.

असं एक ठिकाण म्हणजे ऊसतोड मजुरांच्या कोपी. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बाईने खाडा केला तर मजुरी दोघांची अडते, वर मुकादमाची उचल फिटायची असते ती वेगळीच. कालव्याच्या नाहीतर ओढ्याच्या कडेला पाचटाच्या कोपी, वाकून आत शिरायचं दार, पहाटे चारला बाहेर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी. वाहन रात्री उशिरा आलं तरी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. हिवतापाचा डास चावतो तो याच वेळात, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. आमची आरोग्य खात्याची माणसं जातात दिवसा, तेव्हा कोपीत फक्त पोरं आणि कुत्री. (मजूर आजार घेऊन येतात, असा अर्थ कुणी काढू नये. धोका आहे तो आपण त्यांना जसं ठेवतो त्यात.)

आता गर्भवतीचं. आपल्याकडे हिवतापाचे मुख्य प्रकार दोन, फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. फॅल्सिपेरमचे जंतू वारेत साठतात. आईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं होतं, प्रसंगी दगावतं. व्हायवॅक्सची अडचण वेगळी. त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ते मारायला प्रायमाक्विन १४ दिवस द्यावं लागतं. पण ज्यांच्यात जीसिक्सपीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटतात, आणि पोटातल्या बाळात ते कमी आहे का हे कळत नाही. म्हणून गर्भवतीला ते देतच नाहीत. क्लोरोक्विनने ताप उतरवतात, बाकीचा उपचार बाळंतपणानंतर. कागदावर चोख आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी! पोरीला ताप येणार वाळव्यात, नोंद राहणार सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ती बाळंत होणार पाटणला. ऊसतोडीची बाई तर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जिल्ह्याबाहेर. राहिलेल्या गोळ्यांची आठवण कोणी ठेवायची? माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असतंच. त्यावर तांबड्या शाईने “हिवतापाचा पूर्ण उपचार बाकी” एवढी ओळ लिहिली तर माहेरची आशाताई बघेल, पुढचं डॉक्टर ठरवतील. याला वेगळा निधी लागत नाही.

हा विषय फक्त बायकांचा, असंही नाही. शेतीपंपाची वीज रात्री असली की उसाला पाणी पाजायला उघड्या पोटऱ्यांनी उभा राहतो तो गडीच. तापाच्या नोंदीत रुग्णाचं वय आणि स्त्री-पुरुष लिहिलेलं असतं, मात्र लोकांसमोर येतो तो एकच एकूण आकडा. ती फोड तालुकावार जाहीर केली तर कुठे कोण सुटतंय ते आपोआप दिसेल.

ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांची माहिती साखर कारखान्यांच्या शेतकी खात्याकडे असते. जिल्हा हिवताप कार्यालयाने ती गाळप सुरू होताना मागून घ्यावी आणि टोळी फडातून परतल्यावर, संध्याकाळी, कोपीवर रक्त तपासावं. सोबत आरोग्य सेविका हवीच, परक्या पुरुषाला बाई पाळी चुकल्याचं सांगत नाही. मात्र सेविकेला अंधारात पाठवायचं तर गाडी आणि सोबत द्या. स्वतःच्या स्कूटीवर, स्वतःच्या पेट्रोलने, कालव्याच्या कच्च्या रस्त्याने तिने एकटीने जावं, ही अपेक्षा मी नोकरीत बरीच पाहिली आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, ता. वाळवा, जि. सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)