‘ट्रू ब्लू’ यादीत हवा होता

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवार पुरवणीत जॅझवर सविस्तर लेख छापल्याबद्दल आधी मनापासून आभार. मराठी दैनिकात या संगीताला एवढी जागा मिळणे ही काही नेहमीची गोष्ट नाही. लेखासोबतच्या चौकटीत नव्या श्रोत्यांसाठी सॅक्सोफोनच्या अल्बमची यादी होती. जॉन कोल्ट्रेनचे दोन, सॉनी रोलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलॉसस’, अशी सगळी मातब्बर नावे. त्यातल्या एकाबद्दलही माझा वाद नाही. पण ज्याने संगीताला नवे वळण दिले तेवढेच ऐकण्याजोगे, असा समज अशा याद्यांमुळे पक्का होत जातो, आणि त्या समजाचा फटका सॅक्सोफोनवादक टीना ब्रूक्सच्या ‘ट्रू ब्लू’सारख्या अल्बमना बसतो.

टीना हा पुरुष, हे सांगून टाकलेले बरे. खरे नाव हॅरल्ड फ्लॉइड ब्रूक्स. लहानपणी चणीने छोटा म्हणून पडलेले हे टोपणनाव त्याला आयुष्यभर चिकटले. जन्म 1932 चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आले. रिदम अँड ब्लूजच्या बँडमध्ये आणि काही काळ जॅझ बँडप्रमुख लायनल हॅम्प्टनच्या ताफ्यात त्याचा हात तयार झाला. 1958 मध्ये ऑर्गनवादक जिमी स्मिथने ‘द सर्मन’ हा वीस मिनिटांचा ब्लूज ध्वनिमुद्रित केला, त्यात टेनर सॅक्सोफोन ब्रूक्सचा आहे. ‘द सर्मन’ पुष्कळांनी ऐकलेले असते, त्यातला टेनर कोणाचा हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मला सांगायचे आहे ते जून 1960 मधल्या एका आठवड्याबद्दल. 19 जूनला न्यू जर्सीत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डचा पहिला अल्बम ‘ओपन सिसमी’ ध्वनिमुद्रित झाला. हबर्ड तेव्हा बावीस वर्षांचा. सोबतीला ब्रूक्स होता आणि अल्बमला ज्या रचनेचे नाव मिळाले ती ब्रूक्सची होती. ‘जिप्सी ब्लू’ हीसुद्धा त्याचीच. खुद्द हबर्डची रचना त्यात एकच आहे. सहा दिवसांनी, 25 जूनला, त्याच स्टुडिओत ब्रूक्सच्या नावावर ‘ट्रू ब्लू’ झाला, या वेळी हबर्ड त्याच्या साथीला. पियानोवर ड्यूक जॉर्डन, बासवर सॅम जोन्स, ड्रम्सवर आर्ट टेलर. सहापैकी पाच रचना ब्रूक्सच्या. म्हणजे आठवड्याभरात स्वतःच्या सात रचना त्याने ध्वनिमुद्रित केल्या. हबर्ड पुढे जगभर गाजला, आणि त्याचे श्रेय हिरावून घ्यायचे मला काही कारण नाही. पण त्या आठवड्याचा खरा मानकरी कोण, हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकून ज्याचे त्याने ठरवावे.

‘ट्रू ब्लू’ची सुरुवात ‘गुड ओल्ड सोल’ने होते. लय मध्यम, सूर उदासीकडे झुकलेला, दोन्ही वाद्ये मिळून मूळ चाल मांडतात. मग ब्रूक्स एकटा पुढे येतो आणि इथेच त्याची जात कळते. तो सुरावर झडप घालत नाही. वाक्य अलगद उचलतो, वळसे घेत लांबवतो, श्वास संपेल असे वाटत असतानाच आणखी एक वळण घेतो, आणि समेवर येतो तो कसलाही गाजावाजा न करता. टेनरचा आवाज भरदार असूनही त्याच्या कडा मऊ आहेत. शेजारी हबर्डचा ट्रम्पेट लखलखीत, थोडा आक्रमक, बावीस वर्षांच्या पोराला शोभेलसा. दोन स्वभावांची ही जोडी हाच या अल्बमचा प्राण आहे. ‘थीम फॉर डॉरिस’मध्ये लॅटिन ठेका येतो, आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या हिंदी चित्रपटगीतांवर कान पोसलेल्यांना तो अजिबात परका वाटणार नाही. ‘मिस हेझल’ द्रुत आहे. शेवटची ‘नथिंग एव्हर चेंजेस माय लव्ह फॉर यू’ तेवढी दुसऱ्याची रचना, पण ब्रूक्स ती आपलीशी करून टाकतो. ‘अप टाइट्स क्रीक’ मला बाकीच्यांच्या मानाने साधी वाटते. तिथे वादन रचनेला सांभाळून नेते.

यात क्रांतिकारक काही नाही, हे कबूलच. त्याच सुमारास सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन स्वरसंगतीची चौकट मोडत होता, कोल्ट्रेन तिच्यात जमेल तितके स्वर ठासत होता. ब्रूक्सने काहीच मोडले नाही. हार्ड बॉप नावाची जॅझची जी तयार भाषा हाती होती, तिच्यात तो स्वतःचे काहीतरी बोलला. आपण किराणा किंवा जयपूर घराण्याच्या गवयाला ‘तुम्ही नवीन काय शोधलेत?’ असे विचारत नाही. त्याने राग कसा मांडला ते ऐकतो. जॅझकडे वळताना हे आपलेच कान आपण घरी का ठेवून जातो, कळत नाही.

पुढची हकीकत क्लेशकारक आहे. ब्लू नोट कंपनीसाठी ब्रूक्सने स्वतःच्या नावावर चार अल्बम ध्वनिमुद्रित केले. त्यातला फक्त ‘ट्रू ब्लू’ त्याच्या हयातीत बाजारात आला. ‘बॅक टू द ट्रॅक्स’ला तर कंपनीच्या यादीतला 4052 हा क्रमांकही मिळाला होता, पण तबकडी निघाली नाही. 1961 नंतर त्याचे ध्वनिमुद्रणच थांबले. हेरॉइनचे व्यसन आणि खालावत गेलेली तब्येत यांत 1974 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी तो गेला. 1985 मध्ये मोझेक या कंपनीने चारही अल्बमचे ध्वनिमुद्रण एका संचात काढले, तेव्हा कुठे रसिकांना त्याचे सलग काम ऐकायला मिळाले.

आता हे सगळे मोबाइलवर सहज सापडते. जॅझ कधीच न ऐकलेल्या वाचकांनी आधी ‘थीम फॉर डॉरिस’ ऐकावे, मग पहिल्यापासून सगळा अल्बम. चाळीस मिनिटेही लागत नाहीत. आणि संपादक महोदय, पुन्हा कधी अशी चौकट छापाल तेव्हा ब्रूक्सलाही एक ओळ द्या. जागेची अडचण असेल तर कोल्ट्रेनच्या दोहोंपैकी एक गाळा. त्याचे काही बिघडणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली