बाटली भरलेलीच परत येते

अकोला
२७ मे, नवतप्याचा तिसरा दिवस

प्रिय मंदे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. फेब्रुवारीत तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी 'उद्या फोन करते, उद्या करते' म्हणत मे संपवत आणला. आमच्याकडे यांची शुगर तीच, सासूबाईंचा खोकला तोच, माझी कंबर तीच. झालं प्रकृतीचं.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. फोनवर सांगायला घेतलं असतं तर मी हसले असते की रडले असते, माझं मलाच ठाऊक नाही. आणि ज्याला ऐकवायचं त्याला अकोट स्टँड माहीत असायला हवं.

गेल्या गुरुवारी चारच्या सुमारास आमची ऋतू घरी आली ती ऑफिसातल्या दोघींच्या आधाराने. तिची नेमणूक तेल्हाऱ्याकडे आहे. कृषी सहायक म्हणायचं नाही हं आता, सहायक कृषी अधिकारी. नाव लांबलं, ऊन तेवढंच राहिलं. सध्या पेरणीच्या आधीची धावपळ, गावोगाव सोयाबीनची उगवण चाचणी, बीजप्रक्रिया, सगळं स्कुटीवर. पोरीचा चेहरा लालबुंद, डोकं फुटतंय, पोटऱ्यांत गोळे, वाटेत एकदा उलटी झालेली. सासूबाई पलंगावरूनच ओरडल्या, "कांदा आन वं लवकर!" मी तिच्या तोंडाला गार पाण्याचा तांब्या लावला, तिने ते घटाघटा ओढलं आणि तसंच बाहेर काढलं. यांनी मेडिकलमधून संत्र्याच्या रंगाचं काहीतरी खोक्यातलं आणलं. पाच मिनिटांत तिघांनी तीन उपचार केले आणि पंखा लावायचं एकालाही सुचलं नाही!

डॉक्टरांनी ताप बघितला, एकशे एक. घाम येत होता, बोलणं ताळ्यावर होतं. म्हणाले, थोडक्यात निभावलं. अंग तापून १०४ च्या वर गेलं असतं, ती असंबद्ध बोलू लागली असती, तर तो उष्माघात. मग तोंडात पाणी घालत बसायचं नाही. आधी अंगावर ओतायचं, ओल्या चादरीत गुंडाळून पंख्याखाली ठेवायचं आणि तसंच दवाखान्यात धावायचं. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासात जातं. मी नेमकं तेच पाजायला निघाले होते.

आता खरं ऐक. सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, "बेटा, दिवसभरात पाणी किती पितेस?"

"बाटली नेते ना सर. दोन लिटरची."

"नेतेस ते कळलं. पितेस किती?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "पिऊन जाऊ कुठे, सर?"

मंदे, शब्दन् शब्द तुझे! १९९२, सरकारी दवाखान्यातली ती पोपडे आलेली भिंत, तू कुशीवर वळून पोट धरून पडलेली, आणि नर्सने विचारल्यावर तू माझ्या कानात बोललेलं वाक्य. तेहतीस-चौतीस वर्षांनी माझ्याच पोरीच्या तोंडून ते जसंच्या तसं बाहेर पडलं आणि मला खुर्ची धरावी लागली. डॉक्टरांना वाटलं मलाही ऊन लागलं.

तेव्हा तुझे अण्णा दारात उभे होते, म्हणून मी ठोकून दिलं, "सोमवारचा उपवास होता, काका, म्हणून चक्कर आली." अण्णांपुढे लघवी हा शब्द उच्चारण्यापेक्षा महादेवाला मध्ये घेणं सोपं होतं. मग अण्णांनी काकूंना झापलं, तुमच्या घरातले उपवास बंद, आणि त्याबरोबर सोमवारची साबुदाण्याची खिचडीही बंद. त्या खिचडीसाठी तू तीन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस. मूतखड्याचं दुखणं विसरलीस, खिचडी विसरली नाहीस. अजूनही विसरली नसशील.

सकाळी सहाला अर्धा कप चहा, मग साडेसहाची एसटी, आणि थेट संध्याकाळी घरी येईपर्यंत घशाखाली घोटही नाही. गांधीग्रामला गाडी थांबली की सगळे गुळपट्टी घ्यायचे. आपण घ्यायचो पण खायचो नाही, तहान लागते म्हणून. घरी जाईपर्यंत ती दप्तरात वितळून वह्यांना चिकटायची. तुझ्या आईने दिलेली ती निळी वॉटरबॅग आपण परत येताना स्टँडमागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायचो, रिकामी दिसावी म्हणून. भर उन्हाळ्यात अख्ख्या अकोटात तेवढं एकच झाड हिरवंगार होतं. आणि आपल्याला कसला अभिमान होता गं! कोण जास्त वेळ थांबू शकतं याची शर्यत लावायचो. कॉलेजमधल्या त्या मोरीची कडी तुटलेली होती, एकीने दार धरायचं आणि एकीने जायचं. बाहेर ती पोरं उभी. त्यापेक्षा तहान बरी.

घरी तरी काय वेगळं होतं? पूर्णाकाठचं खारं पाणी. डाळ दोन-दोन तास चुलीवर टणटण उड्या मारायची, साबणाला फेस नाही. गोड्या पाण्याचा हंडा वेगळा झाकलेला, पाहुण्यांसाठी. आपण घरचे, आपण तोंड वाकडं करून दोन घोट घ्यायचे आणि उठायचं. आता ८४ खेडी योजनेचं, वाण धरणाचं पाणी बऱ्याच गावांत गेलंय, पण ऋतू सांगते की नळ आला नाही की हातपंप आहेच, आणि तो आपल्या ओळखीचाच. तात्यांचं डायलिसिस तुला माहीत आहे, मग शेवंतामावशी, आता त्यांच्या मागच्या घरातला पोरगा, जेमतेम पस्तीसचा. खाऱ्या पाण्यामुळेच असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. गावात मात्र कुणी विचारतही नाही.

तर माझी झोप उडालीय ती या उन्हापायी नाही. हे तिला शिकवलं कोणी? मीच की गं. पुण्याच्या बसमध्ये, "आता नको पिऊ, गाडी मेहकरशिवाय थांबत नाही." सहलीला जाताना, "घोटभरच पी." शाळेतून बाटली भरलेलीच परत यायची, आणि मला वाटायचं, पोरगी शहाणी आहे, त्रास देत नाही. पालकसभेला दहा वर्षं गेले, दर वेळी गणिताचे मार्क विचारले. मुलींच्या संडासाला कडी आहे का, हे एकदाही विचारलं नाही. आणि मी स्वतः मास्तरीण! तुला मूतखड्याने गडाबडा लोळताना बघितलेली मास्तरीण.

डॉक्टर म्हणाले, उन्हात काम असेल तर दर वीस मिनिटांनी पेलाभर. म्हणजे तासाला पाऊण लिटर. मी रात्री पडल्या पडल्या हिशेब केला, सहा तासांचे साडेचार लिटर. ऋतूला म्हटलं, अगं बरंचसं घामातूनच जातं. ती म्हणाली, "बरंचसं, आई. सगळं नाही." ग्रामपंचायतीत संडास असतो, पण कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई शेतात. मी म्हटलं, मग सरपंचाच्या घरी बाईला विचारावं, त्यात काय एवढं. तर म्हणते, "मी बीजप्रक्रिया समजवायला जाते. गावात माझं पहिलं वाक्य ते असू दे का?" यावर काय उत्तर देशील सांग. मला तर सुचलं नाही, मी भांडी घासायला गेले.

आणि तिला उपदेश करताना माझी काय अवस्था? २६ एप्रिल २०२४, लोकसभेची ड्युटी. आदल्या दुपारपासून केंद्रावर, वर्गखोली पत्र्याची, मुताऱ्यांना दार आहे पण छप्पर नाही आणि शेजारच्या गच्चीवरून सगळं दिसतं. पहाटे साडेपाच ते रात्री साहित्य जमा होईपर्यंत मी तीन पेले पाणी प्यायले असेन. आम्ही चौघी होतो, चौघींनीही तेच केलं, आणि एकमेकींना काही बोलायची गरज पडली नाही. पुढच्या महिन्यात अकोल्यात उन्हामुळे कलम १४४ लावलं होतं, आठवतं? तू फोन करून हसली होतीस, "तुमच्याकडे सूर्यालाच आत टाका." त्याच आठवड्यात माझी लघवी चहाच्या रंगाची झाली होती. तुला सांगितलं नाही. आता सांगते. रंग बघावा म्हणतात डॉक्टर, फिकट पिवळा असला की पुरेसं प्यायलो. इतकी साधी खूण आहे, आणि आपण कधी खाली बघितलंच नाही.

बरं, एका जुन्या भांडणात आज मी हरले असं लिहून देते. पंचवीस वर्षं मी म्हणत आले की डोंबिवलीच्या छत्तिसाला ऊन म्हणणं हा अकोल्याच्या पंचेचाळिसाचा अपमान आहे. डॉक्टरांनी समजावलं, अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. आमच्या कोरड्या हवेत तो सुकतो, म्हणून किती गेला ते कळतही नाही. तुमच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो, काम करत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला त्या मैदानात लोक गेले तेव्हा पारा काही पंचेचाळीसला नव्हता. तेव्हा तुझं छत्तीस मान्य. बाकीच्या सगळ्या भांडणांत मीच बरोबर आहे.

ते संत्र्याचं खोकं मात्र डॉक्टरांनी बाजूला ठेवलं. ओआरएसच्या शेल्फावरचं, पण आत जवळपास सरबतच, साखर भरपूर आणि मीठ नावाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यातून तो कसा काढणार? खरं पाकीट साधं असतं, आणि मोठं असेल तर ते अख्खं एक लिटरात घालायचं. हे पेल्यात घालत होते, मी हात धरला. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि पाणी गोडं हवं. आपल्या गावच्या पाण्यात मीठ घालायची वेळच आली नसती! दिलीप महालनोबीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली, हे मी दर वर्षी आठवीला उत्साहाने सांगते. मुली टक लावून ऐकतात. त्यांच्या बाटल्या भरलेल्या असतात.

सासूबाईंचं तिसरंच. त्या मुद्दाम पीत नाहीत, रात्री उठावं लागतं म्हणून, आणि वर बीपीची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी. शिवाय म्हातारपणी तहानच कळत नाही म्हणे. त्यांना पाणी म्हटलं की राग येतो, म्हणून मी आता पातळ ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील अशा वेषात पाजते. कांदा त्यांनी ऋतूच्या उशाखालून अजून काढू दिलेला नाही. एका घरात तीन बायका, तिघींची कारणं वेगळी, आणि रांजण भरलेला.

तुझं लिही. गुडघा वाकतो का? मांडी घालता येत नसेल तर बरंच झालं, चतुर्थीच्या स्वयंपाकातून सुटका. समीरसाठी मुलगी बघायचं कुठवर आलं, की तो अजून 'करिअर' म्हणतोय? जावई बरे? नव्या घराचे फोटो बघितले, पडदे फार गडद घेतलेस, पण घेतलेस तर घेतलेस. दिवाळीत ये. गाडीत पाणी पी, एसी डब्याचे संडास आता बरे असतात.

नळ आले वाटतं. सहाव्या दिवशी आलेत, सोडता येणार नाहीत. बाकी रात्री.

तुझी,
कुंदी

ता. क. रात्रीचे दहा. ऋतू आज पुन्हा कामावर गेली होती. मी नको म्हणत होते, ऐकते कुठे. बाटली रिकामी आणली. मी हातात घेऊन हलवून बघितली, थेंब नव्हता. विचारलं, "तुमच्या ऑफिसाजवळ कडुनिंब आहे का गं?" ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.