पंतप्रधान साहेब, खिशातला दुसरा कागद दाखवा

लंडन, ३० ऑक्टोबर २०१९

मा. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांस,

स.न.वि.वि.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर उद्याच्या तारखेला लाल पेनाचा गोल आहे. तो शेजारच्या पोलिश बाईंनी काढलेला. काल भाऊबीज म्हणून त्यांना फराळाला बोलावलं होतं. चकली मोडता मोडता त्यांनी त्या गोलाकडे बोट दाखवलं. “मग गुरुवारी काही नाहीच ना?”

नाहीच. ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायची, म्हणजे ब्रेक्झिटची, उद्याची मुदत संघानं परवा ३१ जानेवारीपर्यंत वाढवून दिली. तारीख कोरलेली ५० पेन्सची नाणी वितळवायला निघाली. ‘ब्रेक्झिटसाठी सज्ज व्हा’ ही १० कोटी पाउंडांची जाहिरात मोहीमही थांबली.

मुदत हुकली याचं मला दुःख नाही, खरं तर बरंच वाटलं. मला खुपतात ते तुमचे दोन-दोन कागद.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तुम्ही दोन लेख लिहिलेत, एक संघातून बाहेर पडावं म्हणणारा, दुसरा राहावं म्हणणारा. पहिला छापून आला. दुसरा मात्र याच प्रश्नावरचं सार्वमत उरकल्यावर बाहेर आला, आणि गंमत म्हणजे तोही पटण्यासारखा होता! माणूस दोन्ही बाजू लिहून पाहतो, इथवर ठीक. पण तुमच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेल्या कराराला तुम्ही जानेवारीत विरोध केलात, १२ मार्चला पुन्हा केलात. २७ मार्चला मे बाईंनी पद सोडायची तयारी दाखवली आणि २९ला तुमचं मत कराराच्या बाजूनं पडलं. करारातलं एक कलमही बदललं नव्हतं. खुर्ची तेवढी रिकामी होणार होती.

मग सप्टेंबरात म्हणालात, मुदतवाढ मागण्यापेक्षा खड्ड्यात मेलेलं बरं. १९ ऑक्टोबरला कायद्यानं भाग पाडलं तेव्हा ती मागितलीत, पण त्या पत्रावर सही नाही. सोबत सहीनिशी दुसरं पत्र, की मुदतवाढ ही चूक ठरेल. याला आम्ही दोन्ही डगरींवर हात म्हणतो. मुदत मिळाली तर ती संसदेनं लादलेली, नाकारली असती तर तुम्ही शब्दाचे पक्के!

तुम्ही एकटेच असे नाही. मे यांच्या आधीचे पंतप्रधान कॅमेरन यांनी पक्षातली भांडणं मिटवायला सार्वमत देऊ केलं, आणि विरोधी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन साहेबांना नेमकं राहायचंय की जायचंय, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

२०१६ मध्ये माझा पासपोर्ट भारतीय होता. तरी राष्ट्रकुलातला म्हणून मला सार्वमतात मत मिळालं, ते ‘राहावं’ म्हणणाऱ्या ४८ टक्क्यांत गेलं. २००४ पासून इथे वृद्धाश्रमात रात्रपाळ्या करणाऱ्या, कर भरणाऱ्या या पोलिश बाईंना मिळालं नाही. ज्यांचं बिऱ्हाड पणाला लागलं, त्या नुसत्या मुदतीच्या तारखा मोजत बसल्या. २९ मार्च, १२ एप्रिल, ३१ ऑक्टोबर.

आता संसदेच्या कॉमन्स सभागृहानं काल १२ डिसेंबरच्या निवडणुकीला होकार दिलाय. प्रचाराला आमच्या हॅरोत कुणी आलं, तर मी एवढंच विचारणार आहे, की या खेपेला साहेबांच्या खिशात दुसरा कागद कोणता? उत्तर तुम्हीच आधी दिलंत तर त्या बिचाऱ्याची अडचण टळेल.

बाईंनी निघताना पुन्हा लाल पेन मागितलं. पण नव्या वर्षाचं कालनिर्णय अजून आमच्याकडे आलेलं नाही.

आपला,
हॅरोचा एक मतदार