वॉकीटॉकीवर नकार शेवटी नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात गर्दी आवरणाऱ्या स्वयंसेवकांचं एक छायाचित्र आलं होतं. पुढच्या मुलाच्या हातात वॉकीटॉकी होता. त्यानं सेट अँटेनाला धरला होता, तोही आडवा, आणि माईक ओठांना टेकलेला. चेहऱ्यावर काळजी होती, म्हणजे काम मनापासून चाललेलं होतं. पण त्याचं बोलणं पलीकडे धड पोचलं नसणार, हे मी नुसतं छायाचित्र पाहून सांगतो. तो मुलगा डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी २४ वर्षं बांधकामांवर क्रेनचा सिग्नलमन होतो. क्रेनचालक वर केबिनमध्ये बसतो. लोड भिंतीपलीकडे उतरायला लागला की त्याला हूकही दिसत नाही आणि खालची माणसंही दिसत नाहीत. ‘हळू खाली, हळू खाली, थांबा’ एवढ्या तीन शब्दांवर काही टनांचं वजन हलत असतं. त्यामुळे हातात मावणाऱ्या त्या सेटची मला भीती आहे आणि त्याच्यावर माझं प्रेमही आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली एक दुपार सांगतो. सळयांचा जुडगा खाली घ्यायचा होता. खाली दोन लाकडी ओंडके टाकून ठेवले होते, आणि माझा जोडीदार त्यातला एक ओंडका हातानं सरळ करत होता. जुडगा त्याच्या मनगटापासून दोन वितींवर आला होता. मी सेटचं बोलण्याचं बटण दाबून म्हणालो, ‘काका, अजून सोडू नका.’ चालक माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. घाईत शेवटचा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच माझा अंगठा बटणावरून सुटला. वर काकांना ऐकू आलं ‘अजून सोडू’, आणि इंजिनाच्या आवाजात त्याचं झालं ‘अजून सोडा’. त्यांनी सोडलं. जोडीदारानं हात ओढून घेतला, पण हातमोजा आत राहिला. जुडगा परत उचलला तेव्हा तो मोजा ओंडक्यावर चपटा होऊन पडला होता, पाचही बोटं पसरलेली. जोडीदार त्याच्याकडे बघत बराच वेळ तिथेच बसून राहिला.

त्या दिवसानंतर मला एक गोष्ट कळली, जी मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. आपल्या भाषेत नकार क्रियापदाच्या मागून येतो. सोडू नका, येऊ नका, उघडू नको, गेट बंद नाही. वाक्याचा सगळा जीव त्या शेवटच्या दोन अक्षरांत असतो, आणि वॉकीटॉकीवर नेमकी शेवटचीच अक्षरं कापली जातात, कारण बोलणं संपत आलं की माणसाचा अंगठा मनाच्या आधी सुटतो. मग ‘नका’ हवेत राहतो आणि उलटाच हुकूम पोचतो. म्हणून सेटवर नकारार्थी वाक्य वापरूच नये. ‘सोडू नका’च्या जागी ‘थांबा’. ‘आत पाठवू नका’च्या जागी ‘बाहेरच थांबवा’. शब्द असा निवडायचा की तो अर्धा पोचला तरी त्याचा उलटा अर्थ होणार नाही. आणि वाक्य संपल्यावर मनात ‘एक’ म्हणून मगच बटण सोडायचं.

बोलण्याची सुरुवातही अशीच कापली जाते. बटण दाबल्याबरोबर आवाज निघत नाही. आपल्या सेटला प्रक्षेपण सुरू करायला क्षणभर लागतो. पलीकडचा सेट गप्प बसलेला असतो, त्याला लहर ओळखून स्पीकर उघडायला क्षणभर लागतो. मध्ये उंचावर रिपीटर, म्हणजे लहर पकडून पुढे पाठवणारा सेट, असेल तर आणखी थोडा उशीर. म्हणून बटण दाबून साधारण सेकंदभर थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. हे न पाळणाऱ्यांचे आकडे ऐकावेत. एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, सुरुवातीची अक्षरं गेली की उरतं नुसतं ‘वन्न’. एकोणसाठ आणि एकसष्ट यांचा घोटाळा तर पुरा शब्द पोचूनही होतो. आम्ही आकडा सुटा सुटा सांगायचो, ‘पाच, दोन’. ऐकणाऱ्यानं तोच परत म्हणायचा, ‘पाच, दोन’. नुसतं ‘बरं’ किंवा ‘ठीक’ हे उत्तर आमच्याकडे चालत नव्हतं, कारण समोरच्यानं ऐकलं काय हे त्यातून कळतच नाही.

प्रशिक्षणात आम्हाला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाची हकिगत सांगत. २७ मार्च १९७७, धावपट्टीवर धुकं, आणि दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर. एका विमानानं आपण उड्डाणाला निघाल्याचं कळवलं. नियंत्रकानं आधी ‘ओके’ म्हटलं आणि जरा थांबून ‘उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो’ असं सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा निरोप निघाला. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. निघालेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ पोचलं आणि त्यापुढे नुसती शिट्टी. ५८३ माणसं गेली. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, असा दंडक जगभर आला.

विमानांच्या रेडिओवर दोन आवाज आदळले की निदान ती शिट्टी तरी ऐकू येते. आपल्या हातातले साधे सेट एफएमवर चालतात, आणि तिथे बहुतेक वेळा जोराची लहर दुबळीला पुरती पुसून टाकते. आपलं बोलणं कुणी झाकलं हे बोलणाऱ्याला कळत नाही, कारण बटण दाबलेलं असताना त्याचा स्वतःचा सेट ऐकतच नसतो. हे मी अंगावर काढलेलं आहे. एकदा मी भिंतीआडून लोड उतरवत होतो आणि स्लिंग, म्हणजे लोड बांधायचा पट्टा, एका सळईत अडकला. मी ‘थांबा, थांबा’ म्हणतोय, आणि बटण सोडलं की सेटमधून नुसती पंख्याची घरघर. क्रेनच्या पायथ्याच्या शेडमध्ये एक नवा मुलगा बाकावर विसावला होता. त्याचा सेट मांडीखाली गेला होता आणि बटण दाबलं गेलं होतं. तो क्रेनच्या जवळ, मी लांब भिंतीपलीकडे. केबिनमध्ये त्याचा पंखा पोचत होता, माझा आवाज नाही. मी धावत कोपऱ्यावर आलो, दोन्ही हात आडवे पसरले आणि वर पाहिलं, तर काकांनी आधीच ब्रेक लावलेला होता. आमचा नियम होता की लोड हलत असताना सिग्नलमननं दर दोन-तीन सेकंदांनी बोललंच पाहिजे. त्याचा आवाज बंद झाला की चालकानं कुणाला न विचारता थांबायचं. त्या नियमानं त्या दिवशी काम वाचवलं. मुलाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. सेट त्याच्या हातात दिला गेला होता, पण तो कुठे ठेवायचा नाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच दिवशी आम्ही सगळ्या सेटमध्ये वेळेची मर्यादा लावून घेतली. बहुतेक सेटमध्ये ही सोय असते. ठरावीक वेळ बटण सलग दाबलेलं राहिलं तर सेट आपणहून प्रक्षेपण बंद करतो. आम्ही एक मिनिट ठेवला. लोडच्या कामाला वेगळं चॅनेल दिलं आणि त्यावर इतर कुणी बोलायचं नाही असं ठरवलं. जिथे जिवाचा प्रश्न असलेलं एक काम आणि इतर दहा कामं एकाच चॅनेलवर चालतात, तिथे मला उभं राहावत नाही.

आता त्या छायाचित्राकडे येतो. अँटेना ही मूठ नव्हे. तिला धरलं की लहरीची बरीच ताकद हातातच जिरते आणि पल्ला घटतो. शिवाय तिचं वेष्टण फाटलेलं असेल तर बोलताना कातडीला भाजू शकतं. सेट उभा धरायचा, कारण पलीकडच्याचा उभा असतो आणि दोन्ही अँटेना एका दिशेत असल्या की लहर नीट पकडली जाते. माईक तोंडापासून दोन-तीन बोटं लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फुत्कार त्यात जात नाही. ओरडायचं तर अजिबात नाही. ओरडलं की आवाज फाटतो, मोठा होत नाही. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करायची. सेट कमरेला अडकवून तिथूनच बोलणारे पुष्कळ दिसतात. कमरेला शरीर अर्ध्या बाजूनं लहर अडवतं. तोच सेट तोंडाशी धरला की मघाशी न लागणारा माणूस लागतो.

खोक्यावर लिहिलेल्या किलोमीटरांवर विश्वास ठेवून माणसं पेरू नयेत. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मोकळ्या सपाटीवर उभ्या माणसाला क्षितिजच साडेचार किलोमीटरच्या आसपास असतं. मध्ये इमारती, टेकडी, तळघर आलं की हिशेब बदलतो. अशा वेळी चार पावलं सरकून किंवा एक जिना चढून जे साधतं ते जास्त वॉटचा सेट आणूनही साधत नाही. काम सुरू होण्याआधी प्रत्येक जागी उभं राहून एकदा बोलून पाहावं, एवढंच.

आणखी एक गैरसमज काढायला हवा. सेटमधल्या ‘प्रायव्हसी कोड’मुळे आपलं बोलणं गुप्त राहत नाही. तो कोड फक्त इतरांचे आवाज आपल्या कानापासून लांब ठेवतो. त्याच वारंवारतेवर कोड न लावता बसलेला कुणीही आपलं सगळं ऐकतो. त्यामुळे हरवलेल्या मुलाचं पूर्ण नाव, कुणाचा फोन नंबर, पैसे कुठे ठेवलेत, हे सेटवर बोलू नये. आणि दुसरा गट त्याच वारंवारतेवर बोलत असला तरी कोडमुळे आपल्याला शांतता वाटते आणि आपण त्यांच्यावर आदळतो. बोलण्याआधी मॉनिटरचं बटण, म्हणजे कोड बाजूला ठेवून सगळं ऐकवणारं बटण, दाबून कानोसा घ्यावा. कुठली वारंवारता बिनपरवाना वापरता येते आणि कुठलीला परवाना लागतो हे देशागणिक ठरलेलं असतं. ते विचारूनच सेट घ्यावा, कारण आपल्या मनानं लावलेलं चॅनेल रुग्णवाहिकेचंही असू शकतं.

जिथे पेट्रोलची वाफ, गॅस किंवा पेट घेणारी धूळ असते तिथे साधा सेट नेऊ नये. तिथल्यासाठी प्रमाणित सेट वेगळे असतात, आणि त्यांचीही बॅटरी त्या जागेत काढायची किंवा लावायची नसते, कारण तेवढी ठिणगी पुरते. एका कामावर शेजारी सुरुंगाचं काम होतं. तिथल्या माणसानं आधी आमचे सगळे सेट बंद करायला लावले आणि मगच तारा जोडल्या. विजेवर उडणाऱ्या डेटोनेटरच्या तारा अँटेनासारखं काम करू शकतात, आणि जवळच्या सेटची लहर त्यात प्रवाह आणू शकते. बॅटरीचं म्हणाल तर सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. धातूचं टोक दोन्ही पट्ट्यांना एकदम लागलं की ती पोळण्याइतकी तापते. फुगलेली बॅटरी, कितीही चालत असली तरी, चार्जरला लावू नये. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी सेट छातीच्या खिशात ठेवू नये.

निवृत्तीनंतर मी स्वयंसेवकांना सेट शिकवतो. माझा वर्ग दहा मिनिटांचा असतो. बटण दाब, मनात ‘एक’ म्हण, आधी ज्याला बोलावतोस त्याचं नाव घे, मग तुझं, त्याचा ‘बोला’ आल्याशिवाय निरोप देऊ नकोस, निरोप छोटा ठेव, मनात ‘एक’ म्हण, बटण सोड. नंतर प्रत्येकाला भिंतीपलीकडे पाठवतो आणि ‘आत सोडू नका’ हे वाक्य घाईघाईनं बोलायला लावतो. भिंतीच्या अलीकडे उरलेली मुलं काय ऐकू आलं ते कागदावर लिहितात. दर वेळी दोन-तीन कागदांवर ‘आत सोडू’ एवढंच असतं. ते कागद मी भिंतीपलीकडून आलेल्या मुलाच्या हातात देतो, तोंडानं काही सांगावं लागत नाही.

आपल्या छायाचित्रकाराला तो पुढचा मुलगा पुन्हा भेटला, तर त्याला माझा एवढा निरोप द्यावा: अँटेना सोड, सेट उभा धर, आणि कुणाला अडवायचं असेल तर ‘थांबवा’ म्हण.

आपला,
एक निवृत्त सिग्नलमन