शेवटचा फर्मा सापडला, आभार!

नव्या रहस्यकादंबरीवर वाचकांचे चांगले अभिप्राय येत आहेत, दुरुस्त प्रती आजपासून दुकानांत मिळतील. पण आधी ज्यांच्यामुळे हे जमलं, त्यांचे आभार.

पुस्तक २०८ पानांचं, म्हणजे १६ पानी १३ फर्मे (मोठा कागद छापून घडी घातली की होणारा पानांचा संच म्हणजे फर्मा). फर्मे क्रमाने लावताना बाराव्या फर्म्याची चळत तेराव्याच्या जागी ठेवली गेली. त्यामुळे काही प्रतींत १९२ नंतर पुन्हा १७७ वं पान आलं आणि गुन्हेगाराचं नाव असलेला फर्माच गळला. फर्म्यांच्या पाठीवर पायऱ्यांसारख्या उतरणाऱ्या काळ्या खुणा असतात, त्यात चूक लगेच दिसते. पण कव्हर चिकटलं की त्या झाकल्या जातात.

चूक पहिल्यांदा कळवली एका वाचक ताईंनी. पानांचे क्रमांक नेमके दिले, कथेतलं मात्र अक्षरही कुठे फोडलं नाही.

बाइंडिंगच्या मावशींनी मग उरलेली प्रत न् प्रत १९२ व्या पानावर उघडून पाहिली. चुकीच्या प्रतींचं कव्हर गरम करून सोडवलं, जादा आठ कागद (छापील सोळा पानं) काढले, तेरावा फर्मा घातला, पाठ पुन्हा घासून नवं कव्हर चढवलं. घासताना आतला समास दोनेक मिलिमीटर कमी होतो, म्हणून ओळी पाठीत जाऊ नयेत यासाठी प्रत्येक गठ्ठा त्यांनी हाताने ठोकून सरळ केला.

दुकानातल्या दादांनी आधीच्या ग्राहकांना स्वतः फोन केले. शेवट न सांगता!

मावशी, ताई, दादा, मनापासून आभार. तुमच्या प्रती बाजूला काढून ठेवल्या आहेत.