सतरा नंबर सुखरूप आहे

सारासोटा, फ्लोरिडा
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय बायो,

तुझे सगळे मेसेज मिळाले, पण निवांत लिहायला आज सवड झाली. वीज पाच दिवसांनी आली. मी बरी आहे, घरही उभं आहे, मागच्या व्हरांड्याची जाळी तेवढी उडाली. आणि तू दर मेसेजमध्ये ज्याची चौकशी केलीस तो सतरा नंबरही सुखरूप आहे.

आमच्या कासवांच्या दवाखान्यातलं हे सतरा नंबरचं कासव म्हणजे केम्प्स रिडली जातीचं, अजून लहान, जेवणाच्या ताटाएवढं. आपल्या कोकणात येणाऱ्या ऑलिव्ह रिडली कासवाचं अगदी जवळचं भावंड. समुद्री कासवांत सगळ्यात दुर्मीळ जात हीच. मेक्सिकोतल्या रँचो न्यूव्होच्या किनाऱ्यावर १९४७ साली एका दिवसात हजारो माद्या अंडी घालायला आल्या होत्या, त्याचं चित्रीकरण आहे. त्यावरून अंदाज काढला तो चाळीस हजारांचा. १९८५ साली अख्ख्या हंगामात उरली होती सातशे दोन घरटी. अंडी माणसांनी नेली आणि मोठी कासवं कोळंबीच्या जाळ्यांत गुदमरून मेली. म्हणून अशा एका जिवासाठी आम्ही किती धावतो ते तुला वेगळं सांगायला नको. सतरा नंबरने धक्क्यावरच्या कुणाचा तरी गळ गिळला होता. घशातून तो काढून तीनच आठवडे झाले होते.

हेलीन वादळाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. लोकांच्या भिजलेल्या गाद्या, कपाटं अजून रस्त्याकडेला पडली होती. तोवर मिल्टन आलं. सात तारखेला सकाळी उठून बघते तर बळ सारखं वाढतंय, आणि त्याच दिवशी ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं, वारा ताशी २८५ किलोमीटर. आमचा दवाखाना किनाऱ्यालगत, त्यामुळे घर सोडायचा हुकूम आम्हालाही लागू. नऊ कासवं हलवायची होती.

कासव हवेत श्वास घेतं, त्यामुळे ओलं आणि गार ठेवलं तर पाण्याबाहेर बराच वेळ तगतं. प्रत्येकाच्या डोळ्यांत मलम घातलं, पाठीवर जेली चोळली, ओला टॉवेल पांघरला आणि टबात फोमच्या गादीवर ठेवलं. आठ कासवं दोन व्हॅनमध्ये बसली. नववी लॉगरहेड या मोठ्या जातीची मादी, शंभर किलोच्या वर. तिच्यासाठी ज्याने ट्रक कबूल केला होता त्याने ऐनवेळी फोनच उचलला नाही. मला रडूच कोसळलं. शेवटी एका स्वयंसेवकाच्या शेजाऱ्याने घोडे न्यायची गाडी आणून उभी केली. सहा जणांनी ताडपत्रीची झोळी करून तिला चढवलं.

पेट्रोल पंप रिकामे, रस्ते तुंबलेले. एरवी तीन-साडेतीन तासांच्या वाटेला आठ तास लागले. सतरा नंबरचा टब माझ्या पायाशी होता. अंधारात काही दिसत नव्हतं, पण मिनिटामिनिटाला त्याचं डोकं वर यायचं आणि फुस्स करून श्वास सुटायचा, मग परत शांतता. ती लांबली की माझा हात आपोआप टॉवेलखाली जायचा.

वादळ पश्चिम किनाऱ्यावर येणार म्हणून आम्ही पूर्वेला, अटलांटिककडे पळालो होतो. आणि नऊ तारखेच्या दुपारी, मिल्टन अजून समुद्रात असतानाच, पूर्वेकडेच टोर्नेडो उठले. सेंट लूसी परगण्यात माणसं गेली. आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या बिनखिडकीच्या खोलीत कासवांच्या टबांमध्येच बसून होतो. निसर्ग वादळात तुमच्या माजघरात सगळे कसे बसले होते, वर कौलं उडत होती आणि बाहेर पोफळी काडकाड मोडत होत्या, हे तू फोनवर सांगितलं होतंस. ते २०२० मध्ये मी नुसतं ऐकलं होतं. त्या दुपारी कळलं.

मिल्टन रात्री साडेआठच्या सुमारास आमच्याजवळच्या सिएस्टा की या बेटाला थडकलं. आमच्या दवाखान्यात गुडघाभर पाणी शिरलं, पंप गेले, टाक्या वाळूने भरल्या. ते निस्तरतोय.

आता तुझा प्रश्न. वेळासच्या किनाऱ्यावर तुम्ही घरटं सापडलं की अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या राखलेल्या वाळूत, आणता, मग आम्ही वादळाआधी घरटी का उचलत नाही? बायो, तुम्ही पहाटेच जाता, अंडी काही तासांचीच असतात. पुढे आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. मग अंडं जरा फिरलं तरी तो मरतो. महिन्याभराचं घरटं उकरणं म्हणजे वादळाच्या आधी आपणच त्याला मारणं. शिवाय इथे कायद्यानेही वादळासाठी घरटी हलवता येत नाहीत. एक मादी हंगामात दर दोन आठवड्यांनी वेगवेगळ्या जागी अंडी घालते, त्यातली काही तगतात, असा त्यामागचा हिशोब. मला तो पटतो. तरी ऑगस्टमध्ये डेबी वादळानंतर किनाऱ्यावर गेले आणि ज्या खुणेच्या काठ्या मी स्वतः रोवल्या होत्या त्यांच्या जागी सपाट वाळू दिसली, तेव्हा हिशोब बाजूला राहिला आणि मी तिथेच बसून राहिले.

परतायच्या आधी दोन दिवस पूर्व किनाऱ्यावरच मदत केली. पाण्यात गेलेली पिल्लं तरंगत्या शेवाळात राहतात. वादळ ते शेवाळच किनाऱ्यावर फेकतं, पिल्लांसकट. आम्ही गुडघ्यावर बसून शेवाळाचा एकेक झुबका उलगडत होतो. एका झुबक्यात बाटलीचं झाकण, दोरीचा तुकडा आणि त्यांच्यामध्ये काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठं पिल्लू, पुढचे पाय अंगाशी घेतलेलं. मला वाटलं गेलं. तळहातावर घेतलं तर एक पाय हलला. लोक बिचारे प्रेमाने त्यांना बादलीभर पाण्यात घालून आणतात आणि थकलेली पिल्लं त्यातच बुडतात. दिवसभर तेच सांगत होते, पाणी नको, ओली वाळू घाला.

सतरा नंबर काल आमच्या दुरुस्त झालेल्या पहिल्या टाकीत उतरला. तळाशी जाऊन बसला, मग वर येऊन फुस्स केलं. खेकडा टाकला तो दोन घासांत संपवला.

तुमचा हंगाम आता तोंडावर आला. या वर्षी हॅचरीचं कुंपण सुरूच्या बनाकडे थोडं वर घ्या गं, मागच्या वेळी उधाणाचं पाणी फार जवळ आलं होतं असं तूच म्हणाली होतीस. आणि पहिलं घरटं सापडलं की रात्र-बेरात्र न बघता फोन कर.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
शकू